रविवारचं पाणी

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. हे पत्र मामींकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा. फोनवर तुमचं "काय? काय?" ऐकून आणि उत्तरं ओरडून ओरडून माझा घसा बसला, म्हणून शेवटी कागद घेतला. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांशेजारी बसून कान तुम्ही घालवलेत, आणि शिक्षा मात्र मला.

दादाची मोटारसायकल सुखरूप पोचली. आईला अजून पटलेलं नाही. "ज्या गाडीवरून पोरगा गेला ती दारात कशाला?" हे वाक्य ती रोज एकदा म्हणतेच. मी तिला सांगते, दादाला जाऊन सव्वा वर्ष झालं, तुझ्या भावाने सहा महिने खपून तिचं इंजिन नवं करून दिलंय, आणि मला गाडी चालवायला शिकवली ती दादानेच, याच गाडीवर. माझ्या मामेभावाची गाडी भंगारात जावी, असं मला कधीच वाटलं नव्हतं. आणि मला गाडीची गरज आहेच. दवाखान्यातून निघायचं, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं ड्रेसिंग बदलायचं, इंजेक्शनं द्यायची. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात, आणि सगळा चढउतार.

एकच बारीकशी गोष्ट. इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, कूलंट, त्याची टाकी तुमच्याकडून निघताना वरच्या रेषेपर्यंत भरलेली होती. आज अकरा दिवसांनी बघितलं तर खालच्या रेषेच्याही खाली गेलीय. जमिनीवर मात्र थेंब नाही. मी परत भरून टाकलं. काळजीसारखं काही नाही ना?

मामींना नमस्कार सांगा. मी निघाले तेव्हा त्या खिडकीत बसून शिवणाचं मशीन चालवत होत्या, पण त्यांनी मान काही वर केली नाही. रागावल्यात का माझ्यावर?

तुमची भाची


९ जानेवारी

चि. दहा नंबर,

तू आता मोठी नर्स झालीस, पण चार वर्षांची असताना माझा दहा नंबरचा पाना उशाशी घेऊन झोपायचीस. तेव्हा माझ्याकडून तुला दुसरं नाव मिळणार नाही.

मामी रागावलेली नाही. तिला गाडीकडे बघवत नाही, एवढंच. गाडीचं नाव निघालं की ती म्हणते, पोराने जरा लक्ष दिलं असतं तर आज घरात असता. तेच ते. त्या विषयात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता पाण्याचं. एकदा सावकाश वाच आणि मग कामाला लाग. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाक, सकाळी ओला डाग दिसतो का बघ. दिसला तर कशाखाली दिसला ते लिही. नळ्यांच्या क्लिपा एकेक करून आवळ. नळीच्या तोंडाशी पांढरट हिरवा थर जमला असेल तर पाणी तिथून जातंय. इंजिनमधल्या पाण्याच्या पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथे कापूस लावून बघ. रेडिएटरच्या झाकणातलं रबर दाबून बघ, कडक झालं असेल तर झाकणच नवं घे. आणि झाकण गाडी गरम असताना उघडायचं नाही. हे तुला सांगायला नको, पण सांगतो.

गाडी माझ्या हातून तपासून गेलीय. पिस्टन, सिलेंडर, गॅस्केट, तिन्ही नवी. वीस किलोमीटर फिरवून बघितली तेव्हा पाणी हललं नव्हतं. म्हणजे असलं तर किरकोळच असणार.

तरीही रोज सकाळी गाडी गार असताना टाकी बघ. एक दिवस चुकवू नकोस. भरलेली बाटली सीटखाली ठेव. तापमानाच्या दिव्यावर विसंबू नकोस. पाणी फार उतरलं की सेन्सर कोरडा पडतो आणि दिवा लागतच नाही. चढावर इंजिनचा आवाज जड झाला तर विचार करत बसू नकोस, क्लच दाब आणि बाजूला हो. आधी क्लच. मागे कोण आहे ते नंतर.

दर आठवड्याला लिही. मला बरं वाटतं म्हणून लिही.

मामा


२१ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून मी गाडी चालवतेय की विमान, असं वाटायला लागलं. पण सगळं केलं, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने.

पुठ्ठा तीन रात्री ठेवला, तिन्ही रात्री कोरडा. क्लिपा आवळल्या. नळ्यांना थर नाही. पंपाखालचा कापूस चार दिवस पांढराशुभ्र राहिला, माझ्या एकाही पेशंटचा राहत नाही इतका. झाकण नवं घेतलं. आणि पाणी उतरतंच आहे. दवाखान्यातली मोठी सिरिंज घेऊन मी मोजूनच भरते, आठवड्याला साठ मिली. ना कमी ना जास्त. बाहेर कुठेच पडत नाही, मग जातं कुठे?

एक बघितलंय. सकाळी चालू केल्यावर मिनिटभर पांढरा धूर येतो. थंडी नसली तरी येतो. आणि त्याला गोडसर वास आहे.

आता गंमत ऐका. सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या मागे, एक छोटी वही सापडली. दादाची. अक्षर बघून मी तिथेच फुटपाथवर बसले. काय टापटीप लिहिलंय! दर सोमवारी चाकातली हवा, साखळीला तेल, ब्रेक. आणि पाणीसुद्धा. "पाणी वरच्या रेषेवर." पुढच्या सोमवारी "वरच्या रेषेवर." असं पानंच्या पानं. मग एका ठिकाणी लिहिलंय, "पाच महिने झाले, केसभर हललेलं नाही. आता पाणी बघणं बंद. ही गाडी पाणी पीत नाही!" आणि शेजारी उंटाचं चित्र काढलंय, गॉगल घातलेल्या.

मग मामा, दादाकडे उंटासारखी राहणारी ही बया माझ्याकडे आल्यावरच दारुड्यासारखी कशी प्यायला लागली?

आणि एक सांगते, रागावू नका. मामी म्हणतात ना, त्याने लक्ष दिलं असतं तर. ती वही बघितल्यापासून मला ते पटत नाही. साखळीला तेल घातल्याची तारीख लिहून ठेवणारा माणूस बेफिकीर कसा असेल? मामींना ती वही दाखवू का?

तुमची दहा नंबर


२७ जानेवारी

चि. दहा नंबर,

वही कुणाला दाखवू नकोस. तुझ्याकडे ठेव.

ती उंटाची ओळ कोणत्या तारखेची आहे ते कळव.

गाडी चढावर नेऊ नकोस. शक्यतो चालवूच नकोस. तुमच्याकडच्या बऱ्या मेकॅनिककडे दे आणि सांग, गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू कर आणि पाण्यात बुडबुडे येतात का बघ. ऑइल दुधाळ झालंय का बघ. प्लग काढून बघ. बुडबुडे आले तर इंजिनचा वरचा भाग, हेड, उतरवायला लाव. खर्च माझा. वाद नको.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

उंटाची तारीख नऊ जून, पाच वर्षांपूर्वीची. दादाने गाडी घेतली त्याच वर्षातली. का विचारलीत?

गाडी आमच्याकडच्या बोळक्याकडे दिली. खरं नाव त्यालाही आठवत नसेल. तोंडात दोन दात आहेत, पण हात सोन्याचे. झाकण काढून इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे, भातासारखे रटरट. ऑइल स्वच्छ. प्लग मात्र धुऊन काढल्यासारखा चकचकीत. बोळका म्हणाला, पाणी सिलेंडरमध्ये शिरतंय आणि धुरातून बाहेर जातंय, म्हणून जमिनीवर थेंब नाही. हेड उतरवलं. तुम्ही हेडखाली बसवलेलं गॅस्केट नव्यासारखं आहे, त्यात काही चूक नाही. दोष हेडमध्येच आहे. व्हॉल्व्हच्या बाजूला केसाएवढी चीर आहे. रंगीत पाणी सोडल्यावर दिसली. गार असताना मिटते, इंजिन चांगलं तापलं की उघडते. तुम्ही वीस किलोमीटर फिरवलीत, त्यात ती कुठून दिसणार?

पुढे तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "ताई, ही चीर अपघातातली नाही. हिच्या कडा काळ्या पडून गुळगुळीत झाल्यात. पाच-सहा वर्षांची आहे. कुणीतरी आठवड्याच्या आठवड्याला पाणी घालत असणार, नाहीतर ही गाडी वर्षभरात बसली असती."

मी म्हटलं, शक्यच नाही. वही दाखवली. त्याने उंट बघितला, हसला आणि म्हणाला, "वही लिहिणारा घालत नव्हता. मग दुसरं कुणीतरी."

मामा, कोण?

तुम्हाला माहीत आहे, असं मला वाटतंय. चुकत असेन तर मला चांगली झापा. चुकत नसेन तरी लिहा.

तुमची भाची


१४ मार्च

चि. दहा नंबर,

पाच आठवडे तुझं पत्र शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. घडीवर फाटलंय. तू चुकलेली नाहीस.

तो गाडी घेऊन आला त्याच्या दोन महिने आधी मी निवृत्त झालो होतो. पंप आपोआप चालणारे झाले होते, माझ्या जागी भिंतीवर एक डबा बसवला होता. घरी मामी मशीनवर, तो कामावर. मी खुर्ची खिडकीपाशी ओढायचो, मग दाराशी ओढायचो. एका रविवारी सकाळी सहाला खाली गेलो, गाडी पुसली, टाकी बघितली. पाणी खाली होतं. भरलं. म्हटलं, उठला की सांगू. तो उशिरा उठला, सांगायचं राहिलं. सोमवारी तो खाली जाऊन आला आणि आईला म्हणाला, "केसभर हललेलं नाही. काय गाडी मिळालीय!" इतका खूश होता. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.

पुढच्या रविवारी पुन्हा भरलं. मग दर रविवारी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. तो चारचौघांत गाडीची फुशारकी मारायचा आणि मी शेजारी बसून गालातल्या गालात हसायचो. माझ्यावाचून अडेल असं त्या घरात ते एवढंच उरलं होतं. गाडीला काहीतरी झालंय हे मला कळत होतं. पंपांवर आयुष्य काढलेल्या माणसाला पाणी कुठेतरी जातंय हे कळत नाही का? पण इंजिन उघडलं असतं तर दोष गेला असता, आणि दोष गेला असता तर माझा रविवारही गेला असता. असं मी चार वर्षं केलं.

तो सोमवारी बघायचा, हे मला ठाऊक होतं. पण आपण बघणं बंद केलंय असं त्याने वहीत लिहून ठेवलंय, हे तू लिहीपर्यंत ठाऊक नव्हतं. पोरगं दर आठवड्याला बघत होतं, दहा नंबर. त्याची ती सवय मी मोडली.

मग दूरची नोकरी लागली. निघायच्या सकाळी मी टाकी काठोकाठ भरली. तो हेल्मेटचा पट्टा लावत होता, तेव्हा सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, पहिल्यांदा घरी येईल तेव्हा सांगू, दोघं मिळून इंजिन उघडू. नऊ आठवडे तो आला नाही. नऊ रविवार मी सवयीने सहाला उठलो, बाटली घेऊन खाली गेलो, रिकामी जागा बघितली आणि वर आलो. त्याला पत्रं लिहीत होतो. जेवतोस का, खोली कशी आहे, सगळं लिहिलं. पाणी बघत जा, एवढे तीन शब्द लिहिले नाहीत. लिहिले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.

दहाव्या आठवड्यात तो घरी यायला निघाला. पुढचं तुला माहीत आहे. चढावर इंजिन जाम झालं, मागचं चाक धरलं गेलं, तो पडला, आणि मागून ट्रक आला. चौकशीला आलेला अधिकारी म्हणाला, इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता.

घरात माणसं भेटायला आली होती. कुणीतरी विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, "त्याचं गाडीकडे लक्षच नव्हतं." तुझी मामी शेजारी होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते खरं धरलं. तेव्हापासून ती तेच बोलते, आणि मी बहिरा असल्यासारखा बसतो. पोरगा गेला तो गेला, वर त्याला बेफिकीर ठरवून मी मोकळा झालो.

तुला गाडी दिली तेव्हा गॅस्केटचाच दोष होता आणि तो मी काढला, अशी माझी खात्री होती. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते परत परत वाचलं. तरी तुला सगळं लिहिलं नाही. बाटली ठेव म्हणालो, चढावर क्लच दाब म्हणालो. एकदा पोर घालवूनही माझ्या तोंडून खरं निघेना. तुला काही झालं असतं तर?

तुला जे लिहायचं ते लिही. मी वाचेन.

मामा


२२ मार्च

मामा,

दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. पेशंटच्या घरी पट्टी बांधतानाही भांडत होते. एका आजोबांनी विचारलं, पोरी, कुणावर चिडलीस? मी म्हटलं, मामावर. ते म्हणाले, मग पट्टी जरा सैल बांध.

तुमची काही चूक नाही, असं मी लिहिणार नाही. तुमच्यामुळे दादा गेला, असंही लिहिणार नाही. मला दोन्ही जमत नाही. मला दादा हवा होता, एवढंच कळतं. आणि सकाळी सहाला बाटली घेऊन खाली जाणारे तुम्ही डोळ्यांसमोर येता, तेव्हा राग टिकत नाही. त्याचाही राग येतो.

पण एक गोष्ट तुम्हाला करावीच लागेल. मामींना सांगा. दीड वर्ष होत आलं, त्या स्वतःच्या मुलाला बेफिकीर म्हणत जगतायत. आपला मुलगा आपल्याच चुकीने गेला, असं धरून बसल्यात. एका आईला असं वाटत राहणं बरोबर नाही, आणि दादाबद्दल वाटणं तर त्याहून नाही. झाकून ठेवलेली जखम आत चिघळते, हे मी रोज बघते. तुम्हाला सांगवत नसेल तर मी येऊन सांगेन. पण ते तुमच्या तोंडून यायला हवं.

वही मामींच्या नावाने पाठवतेय. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही वही पोचायच्या आत सांगा.

बोळक्याने नवं हेड मागवलंय. मी ठीक आहे. सध्या दवाखान्याच्या गाडीतून फिरते. माझी काळजी करू नका.

तुमची दहा नंबर


१७ एप्रिल

बाळ,

मला पत्र लिहायची सवय नाही. मापं लिहिते तेवढंच. चुकलं तर समजून घे.

ह्यांनी सांगितलं. स्वयंपाकघरात उभं राहून, ओट्याला पाठ लावून सांगितलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्याबरोबर अख्ख्या जिन्याने ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दार लावलं.

आठ दिवस मी बोलले नाही. बोललेलं ऐकू येत नाही त्यांना, पण न बोललेलं बरोबर कळतं. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. दर रविवारी मी खिडकीत मशीनवर बसून त्यांना खाली बघत होते, गं. फडकं, बाटली, सगळं दिसत होतं. मला वाटायचं, गाडी पुसतायत. रिकामा माणूस, करू दे. एकदा वरून हाक मारून विचारलं असतं, काय करताय, तर? मलाही नाही सुचलं.

नवव्या दिवशी त्यांनी जेवण सोडलं. रविवारी सहाला बाटली घेऊन खाली गेले. गाडी नाही, काही नाही, त्या जागेपाशी उभे राहिले. तासभर. पायात चप्पल नव्हती. मी खिडकीतून बघत होते. मला त्यांचा राग होता. तो गेलेला नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, हा माणूसही आता जाणार.

ते वर आले. मी कापड बेतायचा कागद घेतला आणि खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं. "त्याला माहीत होतं. मी बघत होते रविवारी. निघायच्या दिवशी मीच त्याला सांगितलं, पाणी भरत जा." त्यांनी तीन वेळा वाचलं. "काय म्हणाला?" असं विचारलं. मी लिहिलं, "हो म्हणाला. आणि विसरला."

ते खाली बसले आणि रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदा. मग भात खाल्ला. आता जेवतात.

हे खोटं आहे. मी सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. तो काही विसरला नाही. विसरणाऱ्यांतला नव्हताच. लहानपणी शाळेतून आला की डबा घासायला आणि बूट जागेवर, असा होता. आधी मी त्याला बेफिकीर म्हणत होते ते न कळून म्हणत होते. आता कळून सवरून तेच म्हणणार, ह्यांच्यासमोर, मरेपर्यंत. आई असून. दुसरा काही मार्ग मला दिसला नाही. पण माझ्याखेरीज आणखी एका तरी माणसाला खरं माहीत असावं, म्हणून तुला लिहितेय. तू हे कुणाला सांगायचं नाहीस आणि विसरायचंही नाहीस.

वही मी माझ्या कपड्यांत ठेवलीय. ह्यांच्या हाती लागणार नाही. उंट छान काढलाय.

रविवारी ते अजून खाली जातात.

तुझी मामी


२३ एप्रिल

मामी,

तुमचं पत्र दवाखान्याच्या गच्चीवर बसून वाचलं. पोटभर रडून घेतलं आणि मग खाली येऊन कामाला लागले.

दादा बेफिकीर नव्हता. तो काही विसरला नाही. मी हे कुणाला सांगणार नाही आणि विसरणार नाही. आता हे ओझं तुमचं एकटीचं नाही, एवढं धरून चाला.

येत्या शनिवारी मी येतेय, गाडीवरून. घाबरू नका. नवं हेड बसून तीन आठवडे झाले. बाराशे किलोमीटर चालवली, सगळे चढ चढले, धूर नाही, बुडबुडे नाहीत. टाकीतलं पाणी केसभरही हललेलं नाही. मामांना मी वेगळं पत्र टाकलंय. हेड नवं बसवलंय, आता आत शिरलेली हवा निघून जाईपर्यंत पाणी थोडं खाली बसेल, तेवढं भरावं लागेल, असं लिहिलंय. हे त्यांना पटेल. नव्या कामाला असं होतंच, आणि ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

त्यामुळे खाली गाडीची जागा रिकामी ठेवायला सांगा. शनिवारी संध्याकाळी तुम्ही त्यांना जेवायला बसवा. तेवढ्यात मी सिरिंज घेऊन खाली जाईन आणि टाकीतून साठ मिली काढून ठेवीन. नेहमीचंच माप.

पण रविवारी मी झोपून राहणार नाही, मामी. सहाला मामांबरोबर मीही जिना उतरणार आहे. त्यांनी माझ्यादेखत भरायचं, किती भरलं ते मला मोठ्याने सांगायचं, आणि मी ते नव्या वहीत लिहायचं. त्यांच्या मोठ्या आवाजाने अख्खा जिना जागा झाला तरी चालेल. पुढे दर महिन्याला एक रविवार मी येईन, आणि दर वेळी साठ मिली कमी असेल. महिन्याभरात वाफेने तेवढं जायचंच, असं मामांना सांगेन.

तेवढा वेळ तुम्ही मशीन थांबवा आणि खिडकीत या. आणि वरून हाक मारून विचारा, काय करताय म्हणून. त्यांना ऐकू येणार नाही. मी सांगेन त्यांना.

तुमची भाची